बुडाखालचा आकडा

दिनांक १२ मे १९९८, मंगळवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. रोह्यात दत्तात्रेय ठाकूर यांच्या घरातील जेवणाच्या टेबलावर त्या क्षणी अकरा सुटे भाग आणि एकवीस स्क्रू मांडलेले होते. टेबलाभोवती तिघे जण उभे होते आणि त्यांपैकी एकाचेही दुसऱ्याशी पटत नव्हते.

"एकवीस!" अमोल ओरडला. हा शेजारचा मुलगा, वय वर्षे बारा. "एक स्क्रू गायब हाय!"

"तुझ्या पायाखाली बघ, मग बोंब मार," ऋतुजा म्हणाली. घर तिचे होते, टेबल तिचे होते आणि अकराही भाग तिचेच होते. वय वर्षे चौदा. नववीची परीक्षा संपून महिना झाला होता.

अमोलने पाय उचलला. स्क्रू तिथेच होता.

"बावीस," तो खालच्या आवाजात म्हणाला.

तिसरी होती भाविका, पेणच्या विठूमामांची मुलगी. ती सुट्टीसाठी आत्याकडे आली होती. तिला संगणकात काडीचाही रस नव्हता आणि ती हे कोणापासून लपवत नव्हती. "आमच्या कारखान्यात एवढ्या वेळात दहा गणपतींचे सांधे घासून होतात," ती म्हणाली. "तुमचं अजून स्क्रू मोजणंच चाललंय!"

"गणपतीला बटण दाबून सुरू करायचं नसतं," ऋतुजाने उत्तर दिले.

तयार संगणक घ्यायचा नाही, एकेक भाग निवडून स्वतः जोडायचा, हा ऋतुजाचा हट्ट होता. वडिलांनी आपल्या बोनसचे पंचवीस हजार रुपये त्यासाठी वेगळे काढून ठेवले होते. तीन महिने तिने वहीत तक्ते आखले. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ न अडखळता चालायला हवा, मग पैसा कुठे घालावा आणि कुठे वाचवावा? मॉनिटर वापरलेला चालेल. आवाजाचे कार्ड सर्वांत स्वस्त चालेल. पत्र्याची पेटी कशीही चालेल. काटकसर करायची नाही ती चित्र उमटवणाऱ्या कार्डात आणि मेमरीत. प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा सारा हिशोब करणारा तो चौकोनी तुकडा, एकशे सहासष्ट मेगाहर्ट्झ वेगाचा पुरेल. मेमरी मात्र बत्तीस एमबी हवी.

वहीतला हा तक्ता पक्का होता. पण ऐन खरेदीच्या दिवशी दुकानदार हरेशशेठ गोड हसून म्हणाला होता, "मेमरी सोळाच घे गो. त्या पैशात एकशे सहासष्टच्या जागी दोनशे तेहतीसचा प्रोसेसर देतो. शाळेत कोणाकडे नसेल एवढा वेग!" आणि ऋतुजाने लाल पेनाने आपल्याच वहीतल्या दोन ओळी खोडल्या होत्या.

"तीन महिने आखलंस आणि तीन मिनिटांत खोडलंस," भाविका ती वही चाळत म्हणाली.

"वही खाली ठेव!"

प्रोसेसर हरेशशेठने दुकानातच मुख्य बोर्डावर बसवून दिला होता. त्यावर पंखा चिकटवलेला होता आणि या सगळ्यावरून वॉरंटीची एक चकचकीत पट्टी डकवलेली होती : 'सील तुटल्यास वॉरंटी बाद – गतिमान कॉम्प्युटर्स'. बाकी सारे ऋतुजाने जोडले. दहा वाजून पन्नास मिनिटांनी तिने बटण दाबले. पंखा घुमला. पडदा उजळला. पहिली गाडी वळणावरून सुसाट निघाली!

"सुटली! सुटली!" अमोल नाचू लागला.

अकरा वाजून एकवीस मिनिटांनी ती गाडी एका पुलावर थांबली आणि काही केल्या हलेना. कळफलक ठप्प होता. माऊसही ठप्प होता. संगणक हँग झाला होता.

आतल्या खोलीचे दार धाडकन उघडले. धाटावच्या कंपनीतली रात्रपाळी करून आलेले बाबा डोळे चोळत उभे होते. "सकाळपासून माझी झोप मोडलीत. निदान चालला का तो?"

ऋतुजाने पुलावर अडकलेल्या गाडीकडे बोट दाखवले.

---

त्याच दुपारी चौघे गतिमान कॉम्प्युटर्समध्ये पोहोचले. काचेच्या टेबलावर हरेशशेठचा स्वतःचा संगणक चालू होता. हरेशशेठने ऋतुजाचे सगळे ऐकून घेतले आणि तिच्याकडे न पाहता तो बाबांना म्हणाला, "साहेब, प्रोसेसर जाळलाय पोरीनं."

"मी त्याला हातसुद्धा लावला नाही! सील जशीच्या तशी आहे!"

"सील बाहेरून असते. करंट आतून जातो. मुलींच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिलात, चूक तुमची." त्याने जांभई दिली. "वाटल्यास सगळा माल परत आणा. एक तृतीयांश किंमत देईन. ओळखीचे म्हणून हां!"

तोवर अमोल काउंटरच्या टोकाशी गेला होता. तिथे स्पंज लावलेल्या एका पत्र्यावर काही प्रोसेसर पालथे, म्हणजे पिना वर करून, ठेवले होते. प्रत्येकाच्या मधोमध, पिना नसलेल्या जागी, तीच चकचकीत पट्टी होती.

"शेठ, ही पट्टी खालच्या बाजूला कशाला?"

हरेशशेठने काउंटरवर इतक्या जोरात हात आपटला की पेनांचा डबा आडवा झाला. "हात लावू नकोस! कार्टं कुठलं! जा, हे घे आणि बाहेर उभा रहा!" आणि त्याने एक किल्ल्यांची साखळी अमोलच्या अंगावर भिरकावली. साखळीला एक निकामी जुना प्रोसेसर लटकत होता. दुकानाच्या जाहिरातीसाठी अशा साखळ्या तो गिऱ्हाइकांना फुकट वाटत असे.

चौघे घरी परतले. उंबऱ्यात बाबा थांबले. "कंपनीत नवा पंप आला की आम्ही तो पूर्ण एक शिफ्ट चालवून बघतो. आठ तास. मगच ताब्यात घेतल्याची सही होते. हा संगणक रविवारपर्यंत आठ तास चालला पायजे; तेसुद्धा ज्या वेगाचे पैसे दिलेत त्या वेगानं. नाय चालला, तर सगळं हरेशशेठला परत जाईल. आणि दहावीनंतर डिप्लोमाला जाणार, हे पुन्हा माझ्यासमोर बोलायचं नाय. जिला एक यंत्र धड जोडता येत नाय, तिनं यंत्रांच्या कॉलेजात जाऊन काय करायचं?"

ऋतुजाने मान खाली घातली नाही. तिने वहीचे कोरे पान उघडून त्यावर 'आठ तास' असे लिहिले, हे भाविकाने पाहिले.

---

बुधवारी ऋतुजाने तोच खेळ दिवसातून तीन वेळा लावला आणि वहीत नोंदी केल्या. सकाळी सहा वाजता लावला, हँग व्हायला अठ्ठावन्न मिनिटे. दुपारी एकला, नऊ मिनिटे. संध्याकाळी सातला, बावीस मिनिटे.

"उन्हात लवकर दमतो," अमोल म्हणाला. "माझ्यासारखा!"

"जळलेला प्रोसेसर घड्याळ बघून हँग होत नाही," ऋतुजा म्हणाली. "हा तापतोय. का तापतोय?"

बोर्डासोबत एक पुस्तिका आली होती. बोर्डावरच्या छोट्या प्लास्टिकच्या टोप्या कोणत्या पिनांवर घातल्या की प्रोसेसर किती वेगाने पळवला जातो, याचा तक्ता तिच्यात होता. या टोप्यांवर सील नव्हती. ऋतुजाने चिमट्याने एक टोपी काढून दोनशे तेहतीसच्या जागेवरून एकशे सहासष्टच्या जागेवर बसवली.

गुरुवारी दुपारी, रोह्याच्या ऐन उन्हात, संगणक तीन तास चालला. एकदाही हँग झाला नाही!

"मिळालं!" अमोल किंचाळला. "हा दोनशे तेहतीसचा नायच! ह्याला चाबूक मारून पळवलाय!"

ऋतुजा धावत बाबांकडे गेली. बाबांनी दुकानात फोन लावला. पलीकडून हरेशशेठचे हसणे सर्वांना ऐकू आले. "बरोबर आहे साहेब! जळलेला माणूस पण हळूच चालतो! तुमच्या पोरीनं स्वतःच सिद्ध केलं. आणि आता सील तोडून बघणार असाल तर खुशाल तोडा. आतून प्रोसेसर बदललात असं मी म्हणणार. पटतंय ना?"

बाबांनी फोन ठेवला. "रविवार," ते एवढेच म्हणाले.

ऋतुजा ओट्यावर येऊन बसली. थोड्या वेळाने भाविका तिच्या शेजारी येऊन बसली. तिच्या बोटात अमोलची ती साखळी फिरत होती.

"हसायला आली असशील तर हस."

"मी हसतेय का? हे बघ." भाविकाने साखळीतला प्रोसेसर पुढे धरला. "वर लिहिलंय एकशे तेहतीस. आता उलटा कर."

खाली, पिनांच्या मधोमध, बारीक अक्षरांत कारखान्याचे आकडे होते. त्यांच्या शेवटीही १३३ होते.

"आकडा दोन्हीकडे असतो," भाविका म्हणाली. "आणि दुकानातल्या प्रोसेसरांच्या नेमक्या त्याच जागेवर पट्टी होती. आमच्या कारखान्यात मूर्तीच्या बुडाला कोणी रंग लावत नाय. बूड पाटावर टेकतं, दिसतच नाय. रंग फुकट कोण घालवेल? म्हणून कोणाची मूर्ती विकत घ्यायची झाली की बाबा आधी ती आडवी करतात. बुडाला रंग दिसला तर समजायचं, खाली तडा हाय."

ऋतुजा तिच्याकडे पाहतच राहिली. "भाविका, तू एवढी शहाणी आहेस तर रोज एवढी वाईट का वागतेस?"

"तू विचारलंस कधी काय? तीन दिवस नुसती स्क्रू धर, स्क्रू धर!"

"पण आपली सील आपण तोडायची नाही," मागून येत अमोल म्हणाला. "तोडली की तो चोरी आपल्यावरच ढकलणार."

"आपण तोडायचीच नाही," ऋतुजा सावकाश म्हणाली. "त्याची सील त्यानेच तोडायची. सगळ्यांसमोर. भाविका, विठूमामा कारखान्याच्या पत्रव्यवहारासाठी संगणक घेणार होते ना? कोणाकडून?"

"हरेशशेठकडूनच! शनिवारी तो पेणला पोचवायला येणार हाय!"

"मग मामांना आत्ता फोन कर. त्यांना सांग, शेठला कळवा : गडबजवळ महामार्गावर खड्डे आहेत, टेम्पोत जोडलेला संगणक खिळखिळा होईल. सुटे भाग आणा आणि माझ्यासमोर जोडा."

---

शनिवार, १६ मे. रोह्याहून सुटलेल्या एस.टी.त ऋतुजा आपला बोर्ड जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती. नागोठणे गेले. गडबच्या खड्ड्यांनी बस उडाली, तेव्हा तिने बोर्ड दोन्ही हातांनी वर उचलून धरला. शेजारच्या बाईने विचारले, "अंडी हायत काय गो?"

अमोल आणि भाविका पुढच्या बाकावर होते आणि बाबा मागच्या. बाबा यायला तयार झाले ते एवढ्याच अटीवर : "तिथं नुसता तमाशा झाला, तर परतताना हा बोर्ड मीच दुकानात टाकीन."

पेणचा कारखाना मे महिन्यात पांढराशुभ्र असतो. न रंगवलेल्या दीडशे मूर्ती रांगेत बसल्या होत्या. हवेत प्लास्टरची धूळ होती. सोळा कारागीर खाली बसून सांधे घाशीत होते. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या सगुणामावशी कोपऱ्यात आपले कुंचले धूत होत्या.

अकरा वाजता हरेशशेठचा टेम्पो आला. ठाकूर बापलेकींना पाहून त्याचे तोंड वाकडे झाले. "ही जळकी मंडळी इथे काय करतायत?"

"माझी बहीण दिलीय त्यांच्या घरात," विठूमामा शांतपणे म्हणाले. "तुम्ही काम करा."

पेणमध्ये आणखी दोन-तीन गिऱ्हाइके होती, म्हणून प्रोसेसरांचा स्पंजचा पत्रा हरेशशेठने सोबतच आणला होता. त्यावर आठ प्रोसेसर होते. त्याने बोर्ड बाहेर काढला आणि एक प्रोसेसर उचलला. वरच्या बाजूला ठळक अक्षरांत २३३ छापलेले होते.

"थांबा," विठूमामा म्हणाले. त्यांनी पुढ्यात भाताचा पेंढा पसरला आणि त्यावर एक मऊ फडके घातले. "आमच्या कारखान्यात कुठलाही माल आधी पालथा होतो, मग आत येतो. ही आमच्या वडलांपासूनची रीत हाय. पालथा करा."

हरेशशेठने प्रोसेसर पालथा केला. मधोमध पट्टी चकाकली.

"ती पट्टी काढा."

"काढता येत नाही! सील तुटली की वॉरंटी बाद!"

"मग बाद करा. मला वॉरंटी नको. मला बूड बघायचंय."

कारखान्यातले घासण्याचे आवाज एकेक करून थांबले. सोळा जण इकडे पाहू लागले.

"हा माझा अपमान आहे!" हरेशशेठचा आवाज चढला. "एवढीशी पोरं तुमचे कान भरतात आणि तुम्ही माझ्यावर संशय घेता? धंदा गेला खड्ड्यात! मी माल परत नेतो!" त्याने पत्र्याला हात घातला. पण पत्रा जागचा हलेना. पलीकडची कड भाविकाने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"सोड!"

"नाय सोडणार! बुडाला रंग लावलाय म्हणजे तडा असणारच!"

"बाबा," ऋतुजा म्हणाली. ती पत्र्याशेजारी येऊन उभी राहिली. "शेठ म्हणाले, मी प्रोसेसर जाळला. हा तर नवा आहे ना? याला मी हात लावलेला नाही. सोळा माणसं साक्षीला आहेत. यांनी पट्टी काढली आणि खाली दोनशे तेहतीस निघाले, तर मी आत्ता इथे लिहून देते की मीच जाळला."

बाबांनी तिच्याकडे पाहिले. मग ते दोन पावले पुढे आले आणि टेम्पोकडे जाणाऱ्या वाटेत उभे राहिले. "काढा शेठ. तुमच्याच हातानं. भीती कसली?"

हरेशशेठने चहूकडे पाहिले. कपाळावरचा घाम पुसून त्याने नखाने पट्टीचे एक टोक उचलले आणि ओढले. खालचे आकडे गोंदाने चिकट झाले होते. सगुणामावशी उठल्या. त्यांनी टर्पेंटाईनच्या फडक्याने ती जागा हलकेच पुसली आणि आपला चष्मा ऋतुजाच्या हातात दिला. "तू वाच गो बाय. मला इंग्रजी आकडे येत नायत."

"एकशे सहासष्ट!" ऋतुजा म्हणाली.

सगुणामावशींनी प्रोसेसर सुलटा करून उजेडात तिरका धरला. "आणि ही वरची बाजू पॉलिशपेपरनं घासून परत छापलीय. माझा हात चाळीस वर्षं रंगात हाय, शेठ. ही असली थापाथापी आमच्या शिकाऊ पोरालाही कळंल!"

"मला... मला वरूनच असा माल आला!" हरेशशेठ चाचरला. "मला काय माहीत? मीच फसलोय!"

"असं काय?" अमोलने पट्टी उचलून उजेडात धरली. "मग पट्टीवर 'गतिमान कॉम्प्युटर्स' कोण छापून घेतं? वरचे?"

कारागिरांत हशा पिकला. हरेशशेठ तेवढा हसला नाही.

आता ऋतुजाने साडीची घडी उलगडली. तिच्या बोर्डावरची सील अखंड होती. ती बाबांनी पाहिली, मामांनी पाहिली आणि शेवटी हरेशशेठलाही ती पाहावी लागली. ती सीलही त्यालाच तोडायला लावली. पंखा निघाला, प्रोसेसर निघाला आणि खालची पट्टीही निघाली. मग पत्र्यावरचे उरलेले सातही पालथे झाले. एकूण नऊ. खरा दोनशे तेहतीसचा त्यांत एकही नव्हता.

विठूमामांनी ऑर्डरची वही पुढे सरकवली. "ह्या दोन महिन्यांत तुम्ही कोणाकोणाला माल दिलात, ती नावं लिहा. प्रत्येकाला फरक परत जाईल. नाय गेला, तर हे नऊ तुकडे आणि आम्ही सगळे पोलीस ठाण्यात भेटू."

हरेशशेठने लिहिले. लिहिताना तो एकदाच वर पाहून ऋतुजाला म्हणाला, "तुला खरा दोनशे तेहतीस मागवून देतो. मिटवून टाक."

"नको," ऋतुजा म्हणाली. "मला एकशे सहासष्टच पुरतो. तेवढी माझी राहिलेली सोळाची मेमरी द्या. माझ्या वहीत आधी तेच लिहिलं होतं."

टेम्पोत मेमरीची पट्टी होती. ती त्याने मुकाट्याने काढून दिली.

विठूमामा बाबांकडे वळले. "दाजी, पोरीनं हुशारी केली, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सील तोडायचा मोह आवरला. आमचे कारागीर तेवढा दम धरत नायत." सगुणामावशींनी भाविकाच्या डोक्यावर प्लास्टरने भरलेला हात ठेवला आणि तिचे केस पांढरे केले. अमोलने मोठ्याने घसा खाकरला, तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले, आणि त्यालाही शाबासकी मिळाली.

परतताना बाबा ऋतुजाच्या शेजारी बसले. नागोठणे आले. मग त्यांनी तिच्या मांडीवरचा बोर्ड आपल्या मांडीवर घेतला. "त्या दिवशी दुकानात मी त्याचं ऐकलं. तुझं नाय ऐकलं. ती चूक माझी." बोर्ड साडीत नीट गुंडाळत ते म्हणाले, "आठ तासांची अट मात्र हाय. यंत्राला माफी नसते."

"मीपण नाही मागणार," ऋतुजा म्हणाली.

प्रोसेसर आणि नवी मेमरी बसवून, टोपी एकशे सहासष्टवरच ठेवून, रविवारी सकाळी सहा वाजता तिने बटण दाबले. गाड्या वळणांवरून सुटल्या. अमोल आणि भाविका आळीपाळीने खेळले, भांडले आणि परत खेळले. बाबा खुर्ची ओढून समोर बसले. ऋतुजाची वही त्यांच्या हातात होती आणि प्रत्येक तासाची नोंद ते स्वतः करत होते. लाल पेनाने खोडलेल्या त्या दोन ओळी त्यांनी खाली निळ्या शाईत पुन्हा लिहून काढल्या. दुपारी दोन वाजता त्यांनी शेवटची नोंद केली, तिच्याखाली सही केली आणि वही ऋतुजाच्या पुढ्यात ठेवली.

चालू : ८ तास. हँग : ० वेळा.